इरण्णांकडची एकच भाजी

"बाई, तुमाला तिखट आवडतंय, का सोसतंय?"

इरण्णांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, कुणाच्या कोण म्हणून नाही. मी त्यांच्या खानावळीच्या उंबऱ्यावर उभी होते आणि पाऊल आत टाकावं की मागं घ्यावं, ते मला ठरवता येत नव्हतं.

साल १९७१. बार्शीहून सोलापूरला टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागून मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. साखर पेठेत एका तेलुगू विणकर कुटुंबाच्या माडीवर खोली घेतली होती. खाली दिवसभर माग खटखटायचे. सकाळची पाळी दुपारी दोनला सुटायची. मग खोलीवर जायचं, स्टोव्हला पंप मारायचा, भात टाकायचा आणि त्यात दही कालवून खायचं. त्या दुपारी बाळी वेशीजवळच्या एका बोळातून चालले होते, तर लसणाच्या फोडणीचा वास आला आणि पाय थांबलेच. आत चार टेबलं होती, आणि चारही टेबलांवर पुरुष. त्या काळी सोलापुरात एकटी बाई खानावळीत जेवायला बसत नसे. फार तर डबा मागवायची.

"सोसतं," मी खरं ते सांगून टाकलं.

"मग बर्री, या, हितं बसा खिडकीपाशी. वारं हाय." आणि आतल्या दाराकडं तोंड करून बायकोला, "शांता, एक ताट. चटणी कडंला वाढ."

बस, एवढंच. दुसऱ्या कुणी काही बोलायच्या आत माझ्यापुढं ताट आलंसुद्धा. ज्वारीची गरम भाकरी, शेपूची भाजी, कांदा, आणि ताटाच्या अगदी काठाशी, हात लांब केल्याशिवाय लागणार नाही अशा जागी, शेंगाचटणी. मी खाली मान घालून जेवले. पुढची सात वर्षं तिथंच जेवले.

इरण्णा तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, गुडघ्यापर्यंत आखडलेलं धोतर, वर बंडी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. घाम आला की ते भुवयांपर्यंत उतरायचे. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. चौदा वर्षं ते गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, तिथं ती गेली. त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचे, "भाजी चिराया तीन बोटं बास होतेत. बाकीची दोन उगंच मदी मदी करायची."

त्यांच्या तीन भाषा होत्या. देवाशी कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि लाकडं ओली निघाली, चूल पेटेना, की दखनी. चुलीसमोरची दखनी ऐकून बाहेर जेवणारे कान टवकारायचे.

दाराबाहेर शाळेतल्या पोरांची असते तसली एक दगडी पाटी टांगलेली असायची. तिच्यावर रोज खडूनं त्या दिवशीची भाजी लिहिलेली. भाजी एकच. 'आज : भरली वांगी. दुसरं काय न्हाय.' हे 'दुसरं काय न्हाय' ते रोज नव्यानं लिहायचे. कुणी म्हटलं, "इरण्णा, बटाट्याची एखादी तरी ठेवत जावा जोडीला," तर शांतपणे म्हणायचे, "दोन करीन हो. पण मग एक चांगली हुईल, एक नुसती हुईल. नुसती कुणाच्या ताटात घालू, सांगा."

मंडईत सकाळी स्वतः जायचे. काय आणायचं हे घरून ठरवून जात नसत. ढिगापुढं उकिडवे बसायचे, एखादं वांगं कच्चंच दातानं तोडायचे, थुंकायचे आणि उठून पुढच्या ढिगाकडं जायचे. भाजीवाल्या बायका त्यांना भ्यायच्या. त्यांनी उष्टं करून टाकलेलं वांगं बघून बाकीची गिऱ्हाइकंसुद्धा पुढं सरकायची.

"भाजी कशी झालीय?" असं त्यांनी कुणाला कधी विचारलं नाही. खांबाला टेकून उभे राहायचे आणि जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचे, तेही जेवण संपत आल्यावर. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "पहिल्या घासाला सगळ्यांचंच तोंड खूश दिसतंय, बाई. ती भूक असती. शेवटचा घास बघावा. पोट भरल्यावर बी त्यो घास मानूस हळू खातोय का गिळून टाकतोय, तिथं कळतंय."

हा माणूस मला चांगलाच कळला तो पडद्याच्या भानगडीत.

खानावळीत एक भाऊसाहेब यायचे. कोर्टातून निवृत्त झालेले हेडक्लार्क, बायको वारलेली, मुलं परगावी. काळी टोपी, हातात काठी, आणि प्रत्येक गोष्टीवर मत. मी आठ-दहा दिवस सलग आलेली बघून त्यांनी एके दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "इरण्णा, आता खानावळीत पोरीबाळी बसायला लागल्या. काळ बदलला म्हणायचा. निदान एक पडदा तरी लावा. बरं दिसत नाही."

माझा घास हातातच राहिला. उद्यापासून यायचं नाही, हे मी तिथल्या तिथं ठरवलं. इरण्णा फक्त "बघतो की" म्हणाले आणि आत गेले. मला तर ते फारच लागलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून परतत होते, तर इरण्णा बोळाच्या तोंडाशीच उभे. "बाई, काल कुटं होता? मेथी होती काल." मी काहीतरी पुटपुटले. ते म्हणाले, "पडदा लावलाय. बघून तरी जावा."

आत गेले तर पडदा होता खरा. जुन्या सोलापुरी चादरीचा, लाल-काळा, दोरीवर नीट ओढलेला. पण तो माझ्या खिडकीपाशी नव्हता, भाऊसाहेबांच्या टेबलाभोवती होता. आतून भाऊसाहेबांचा आवाज आला, "इरण्णा, हा काय पोरकटपणा?"

"तुमालाच पायजे हुता की, भाऊसाहेब. बाईंनी कुटं मागितला? ज्येला बरं दिसत न्हाय त्येनं आत बसावं. ताट येतंय."

बाकीच्या टेबलांवरचे लोक खाली बघून जेवत होते. त्यांचे खांदे तेवढे हलत होते. भाऊसाहेब रागावून उठून जातील असं मला वाटलं. पण भूक होती, आणि घरी कोण होतं त्यांचं? ते आतच जेवले. मधेच कुणीतरी भीमेला पाणी किती आलंय हा विषय काढला. भाऊसाहेबांना त्यातलं पक्कं ठाऊक होतं, पण पडद्याआडून बोलणार कसं? दोनदा खाकरले. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच्या हातानं पडदा सर्रकन बाजूला केला आणि म्हणाले, "चूक! साफ चूक सांगताय तुम्ही."

इरण्णांनी चादर काढून घडी घातली आणि आत नेऊन ठेवली. त्यावर परत एक शब्द नाही. महिन्याभरात दवाखान्यातल्या दोन नर्सबाई यायला लागल्या, मग एक शाळेतल्या बाई. पुढं भाऊसाहेबच मला पेपर वाचून झाला की घडी करून देऊ लागले. पण तोही जेवण झाल्यावर, कारण ताटावर पेपर उघडलेला इरण्णांना खपायचा नाही. "ताट थंड हुतंय, भाऊसाहेब. राजकारण काय थंड हुत न्हाय."

बहात्तरच्या दुष्काळात ज्वारी बाजारातून नाहीशीच झाली. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिला एक उग्र वास होता आणि पिठाला चिकटपणा नव्हता. थापताना भाकरी परातीतच फाटायची. सोलापूरच्या माणसाला भाकरीवाचून जेवलं असं वाटत नाही, आणि ही असली भाकरी घशाखाली उतरेना. आजूबाजूच्या खानावळींनी भाकरी बंदच केली. इरण्णांनी पाटीवर लिहिलं : 'आज : मिलोची भाकरी, डाळ. भाकरी चांगली न्हाय. शांतव्वाला बोलू नका, मला बोला.'

असली जाहिरात मी आजतागायत दुसरी पाहिलेली नाही. लोक वाचायचे, हसायचे आणि आत यायचे. आतमध्ये नवरा-बायकोची रोज झटापट. पीठ कढत पाण्यात भिजवून बघितलं, त्यात उडदाचं पीठ मिसळून बघितलं, पातळ थापली, जाड थापली. आठ-दहा दिवसांनी एका दुपारी मी गेले तर पाटीवरचं 'चांगली न्हाय' खोडून वर लिहिलं होतं, 'बरी हाय'. त्या दिवशी लोकांनी इरण्णांच्या नावानं वाहवा केली. इरण्णांनी ती खांबाला टेकून, मान हलवत घेतली. आत परातीशी शांतव्वा होत्या. त्यांचं नाव कुणी घेतलं नाही, इरण्णांनीसुद्धा नाही. हे मला तेव्हा खटकलं होतं. बोलले मात्र नाही.

मग चौऱ्याहत्तरमध्ये आले मिशीसाहेब. एका गिरणीत नवीन यंत्रं बसवायला फ्रान्सहून एक इंजिनियर आला होता. नाव मिशेल. उंच, तांबूस आणि अगदी गुळगुळीत दाढी केलेला. ओठावर मिशीचं नाव नाही. तरी नावावरून लोकांनी त्याला मिशीसाहेब केलं. त्याचे मुंबईचे ट्रंककॉल मीच जोडून द्यायची, त्यामुळं आवाज ओळखीचा होता. गेस्टहाउसचा स्वयंपाकी भीतीपोटी त्याला तिन्ही त्रिकाळ उकडलेला बटाटा घालत होता. बिचारा फोनवर मुंबईच्या माणसाला तेच रडगाणं सांगायचा. एके दिवशी लाइन जोडता जोडता मीच त्याला इरण्णांचा पत्ता सांगितला.

तो आला तेव्हा मी तिथंच होते. इरण्णांनी मला दुभाषी केलं. "विचारा साहेबास्नी, तिखट आवडतंय का सोसतंय?" मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. साहेब खो खो हसला आणि म्हणाला, अजून ठाऊक नाही, आज कळेल. त्या दिवशी मटकीची उसळ होती. साहेबाचं नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं, पण शेवटचा घास त्यानं भाकरीनं ताट पुसून हळूहळू खाल्ला. इरण्णा खांबापासून बघत होते. "आवडतंय त्येला," एवढंच म्हणाले.

साहेब मग रोज यायला लागला. एकदा पाटीकडं बोट दाखवून तो मला भरभरून काही सांगू लागला. त्याच्या गावात, त्याच्या घराच्या कोपऱ्यावर, अगदी अशीच एक जागा आहे. पाच-सहा टेबलं, बाहेर पाटी, त्यावर खडूनं लिहिलेला त्या दिवसाचा एक पदार्थ. मालक दारात उभा असतो आणि बायको आत रांधते. रोजचीच माणसं रोजच्याच जागी बसतात. गल्लोगल्ली असतात म्हणे तसल्या. त्याला ते लोक म्हणतात, बिस्त्रो.

मी सांगितलं. इरण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बिस्तर? जेवायच्या जागंला बिस्तर म्हनतेत?"

हसून हसून भाऊसाहेबांना ठसका लागला. पुढं कित्येक महिने आमच्यातले लोक "चला, बिस्तरावर जाऊ" म्हणून जेवायला यायचे.

परत जाण्याआधी साहेबानं एक मागणं केलं : एक दिवस त्याला चुलीपाशी उभं राहू द्यावं. इरण्णा आत कुणाला पाऊल ठेवू देत नसत. त्यांनी साहेबाला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "अंडंमटन घालनार असला तर न्हाय." साहेबाला लागत होते फक्त कांदे. पाच किलो. ते उभे पातळ चिरून त्यानं लोण्यात टाकले आणि मंद आचेवर ढवळत बसला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. "करपला तर न्हाय?" इरण्णा सारखे वाकून बघत. तासाभरानं कांदा गुळासारखा तपकिरी आणि गोड झाला. मग त्यात पाणी, मीठ, मिरी. वरून पाव घालतात म्हणाला. पाव कुठला? शांतव्वांनी कडक भाकरीचा डबा पुढं सरकवला. साहेबानं एक तुकडा मोडून त्या रश्श्यात बुडवला, खाल्ला, आणि शांतव्वांना वाकून नमस्कार केला. त्या पदर तोंडाला लावून मागच्या दारानं पळाल्या.

त्या दिवशीची पाटी : 'आज : मिशीसाहेबांचा कांदा. दुसरं काय न्हाय.'

साहेब गेल्यावर इरण्णा म्हणाले, "एक तास नुसता कांदा परतला त्येनं. आमी इतकी वर्षं कांद्याला घाई केली, बाई." तेव्हापासून त्यांच्या आमटीला एक वेगळाच गोडवा आला.

आता जे सांगायचं ते सत्त्याहत्तर सालचं. त्या हिवाळ्यात इरण्णांना ताप आला आणि तो तीन आठवडे हटला नाही. खानावळ बंद होती. मग उघडली. ते वाळले होते, पण उभे होते. पाटी लागली. सगळं पहिल्यासारखं. फक्त भाजीत काहीतरी बिनसलं होतं. एक दिवस अळणी, एक दिवस तिखटजाळ. आजारातून उठलाय माणूस, म्हणून कुणी बोललं नाही. माझ्या एवढं लक्षात आलं की इरण्णा आता शेवटच्या घासाला खांबापाशी नसत. काहीतरी निमित्त काढून आत जात.

एका दुपारी पिठलं होतं. पहिला घास घेतला आणि मी थांबले. मीठ दोनदा पडलं होतं, की तीनदा. सगळीकडं बघितलं तर सगळे तसेच थांबलेले. भाऊसाहेब तेवढे जेवत होते, संथपणे, अर्धी-अर्धी भाकरी मोडून. ताट संपवलं. मग तांब्या उचलला आणि घटाघटा रिकामा केला. दुसरा मागितला. तोही रिकामा केला. तिसरा मागितला तेव्हा इरण्णा तो घेऊन स्वतः बाहेर आले.

"भाऊसाहेब, खरं सांगा. खारट हाय?"

"जरासं."

"जरासं?"

भाऊसाहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "इरण्णा, समुद्र आहे."

इरण्णांनी तांब्या खाली ठेवला. बाकीचे लोक उठून गेले. मी हात धुवायला मागं गेले तर ते परसात दगडावर बसले होते, हातात कोथिंबिरीची जुडी.

"तापानं तोंड गेलं, बाई. नाक बी गेलं. ही हातात धरली तर कागद धरल्यागत वाटतंय." त्यांनी जुडी नाकाशी नेली आणि परत खाली आणली. "दोन म्हयनं झालं. वाटलं हुतं येईल परत. हाताच्या अंदाजानं करत हुतो. लोकास्नी फशीवलं मी."

मी म्हटलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हनतेत, येईल न्हायतर येनार न्हाय." आणि मग जरा वेळानं, "येवढं मला बी ठावं हुतं."

दुसऱ्या दिवशी दार बंद. तिसऱ्या दिवशीही बंद. इरण्णा खानावळ काढून टाकणार, अशी बोलवा उठली. भाऊसाहेब त्या दोन्ही दिवशी बोळात काठी टेकत येऊन बंद दार बघून गेले. चौथ्या दिवशी मी ऑफिसातून धावतच गेले. दार उघडं होतं. पाटीवर लिहिलं होतं :

'मला चव लागत न्हाय. आजपासून भाजी शांतव्वाची. भाकरी माझी. सांभाळून घ्या.'

आत शांतव्वा बाहेरच्या खोलीत उभ्या होत्या. सहा वर्षांत मी त्यांना उजेडात धड पाहिलंच नव्हतं. उंच, सडसडीत बाई, इरण्णांपेक्षा बोटभर उंचच. ताटं वाढत होत्या आणि नजर कुणाला देत नव्हत्या. भरली वांगी होती. मी घास घेतला. भाऊसाहेबांनी घेतला. हे नेहमीचंच वांगं होतं, पण आतापर्यंत कुठंतरी आडवी येत असलेली एक गोष्ट त्यातून निघून गेली होती.

"शांताबाई," भाऊसाहेब म्हणाले, "यात काय केलंत?"

"काय न्हाय की." त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "गूळ कमी घातला. सोळा वरसं म्या सांगतीया ह्यास्नी, वांग्याला गूळ लई हुतोय. ऐकतंय कोन?"

हशा झाला. आतून परातीवर थापण्याचा आवाज येत होता, तो थांबला. पिठानं माखलेले इरण्णा दारात आले. हातात एक भाकरी होती. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, कुठल्यातरी तालुक्याच्या नकाशासारखी. सगळ्यांकडं बघून म्हणाले, "खरं हाय. सांगत हुती. मीच ऐकलं न्हाय." मग शांतव्वांकडं वळून, जरा खालच्या आवाजात, "भाकरीचं बी तुजंच हुतं सगळं. लोक माझं नाव घ्येत हुते, मी घिऊ दिलं."

शांतव्वा कानडीत पटकन काहीतरी बोलल्या. अर्थ नंतर नर्सबाईंनी सांगितला : "तवा करपतोय, आत जा."

ती वाकडी भाकरी त्यांनी माझ्या ताटात वाढली. मी खाल्ली. कडेनं कच्ची होती.

पन्नाशी ओलांडलेला, डाव्या हाताला तीनच बोटं असलेला माणूस भाकरी थापायला शिकला. त्याला चार महिने लागले. रोजच्या फसलेल्या भाकऱ्या तो स्वतः खायचा. चव लागत नव्हतीच, म्हणायचा, त्यामुळं त्रास नाही. पुढं उन्हाळ्यात त्यांना हळूहळू वास यायला लागला. पहिला आला रॉकेलचा, त्यावरही खूश झाले. मग चवही बरीचशी परतली. शांतव्वा म्हणाल्या, आता घ्या तुमची भाजी परत. इरण्णा नाही म्हणाले. खांबाला टेकून लोकांची तोंडं बघायचं काम आता शांतव्वा करत. त्यांना ते इरण्णांपेक्षा लवकर कळायचं.

अठ्ठ्याहत्तरमध्ये माझं लग्न ठरलं आणि पुण्याला बदली झाली. निरोप वगैरे घेऊन झाला होता. भाऊसाहेबांनी एक पेन दिलं, शांतव्वांनी ओटी भरली. इरण्णा गर्दी होती म्हणून बाहेर आले नाहीत, आतूनच "जावा, जावा, सुखात ऱ्हावा" म्हणाले. मला थोडं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. दुपारच्या गाडीसाठी टांग्यात ट्रंक टाकून स्टेशनकडं निघाले. रस्त्यावर उन्हानं शुकशुकाट. टांगा उतारावर आला तर पुढं एक सायकल चाललेली. चालवणारे इरण्णा, आणि अंगात बंडी नाही, चक्क इस्त्रीचा पांढरा शर्ट. मागं कॅरिअरवर एका अंगानं शांतव्वा, नवी हिरवी इरकल नेसलेल्या, केसांत अबोलीचा गजरा. खानावळ बंद ठेवून दोघं दुपारच्या खेळाला सिनेमाला निघाली होती. एवढं नटून त्या रस्त्यानं थेटराशिवाय दुसरीकडं कुठं जाणार?

"इरण्णा!" मी टांग्यातून ओरडले.

त्यांना ऐकू गेलं नाही. शांतव्वांना गेलं. त्यांनी मागं वळून बघितलं, मला ओळखलं, आणि चोरी पकडली गेल्यासारख्या हसत एका हातानं पदर डोक्यावर ओढायला गेल्या. सायकल डगमगली.

"नीट धर की गं!" इरण्णा पुढं बघतच ओरडले.

शांतव्वांनी पदर सोडला आणि त्यांचा खांदा धरला. सायकल सरळ झाली, उतारावर तिला वेग आला, आणि ती दोघं कोपऱ्यावरून वळली.